फियाटच्या मागच्या डाव्या चाकातली हवा हळूहळू जाते, पंक्चर मात्र सापडत नाही

डिलाइटवाली, विलेपार्ले पूर्व

नमस्कार मंडळी. गाडी बाबांची, १९६७ ची फियाट ११०० डिलाइट. सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून, बदामाच्या झाडाखाली उभी असते. रविवारी सकाळी पार्ल्याहून जुहूपर्यंत आणि परत, एवढंच तिचं फिरणं. हॉर्निमन सर्कलच्या रॅलीत उतरवायची हौस बाबांना आहे, पण "आधी चाकात हवा तर राहू दे" यावर गाडी अडली आहे.

त्रास मागच्या डाव्या चाकाचा. रविवारी सकाळी, चाक गार असताना २६ पॉइंट (पीएसआय) हवा भरली की पुढच्या रविवारी १६ च्या आसपास सापडते. बाकीची तीन चाकं महिन्यात एखाद-दोन पॉइंट उतरतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. बाबा आकडे कालनिर्णयच्या चौकोनात लिहितात, एकादशीच्या खाली "मा. डा. १९" असं. तेव्हा हा माझा भास नाही, याला लेखी पुरावा आहे.

आतापर्यंत झालेले उपाय: कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने आधी चाक तसंच टाकीत फिरवलं, काही दिसलं नाही. व्हॉल्व्हच्या आतली, हवा अडवणारी पिन बदलली, फरक नाही. मग ट्यूब काढून पाण्यातून फिरवली आणि "मॅडम, ट्यूब एकदम ओके" म्हणाला. टायरच्या आतून हात फिरवला, खिळा नाही, काच नाही. शेवटी मीच म्हटलं, नवी ट्यूब टाक. सुरुवातीला हवा छान टिकली आणि आता पुन्हा तेच रडगाणं. टायर ५.२०-१४, नायलॉनचे, फार जुने नाहीत. रिम मूळची.

बाबा म्हणतात रिम बदल. पंक्चरवाला म्हणतो गाडी बदला. मला दोन्ही नको आहे. चाक स्वतः खोलायची माझी तयारी आहे. जॅक, पाना, पायाने मारायचा पंप, स्वतःचा गेज आणि कपड्यांचा मोठा टब घरात आहे. सुरुवात कुठून करू?

—

मायनर माणूस, चिंचपोकळी

पिन बदलली म्हणून पिनचा विषय संपला असं धरू नका. नवीन पिन कचऱ्यावर बसली तरी गळते आणि जास्त आवळली तरी तिचं रबर चिरडतं. चाक न काढता बघता येतं. गाडी इंच इंच पुढे घेऊन व्हॉल्व्ह वर, घड्याळातल्या बाराच्या जागी आणा. तिथे व्हॉल्व्हचं तोंड खाली वळलेलं असतं. औषधाच्या बाटलीचं टोपण पाण्याने भरून खालून वर असं धरा की तोंड पाण्यात बुडेल. दोन-तीन मिनिटं हात न हलवता थांबा. बुडबुडा आला तर पिन, नाही आला तर पुढचा संशयित. थुंकी लावून बघायची जुनी पद्धतही चालते, पण फार हळू गळत असेल तर थुंकी आधी सुकते.

आणि वरची टोपी प्लास्टिकची असेल तर आतून रबरी वॉशर असलेली धातूची घ्या. पिन थोडीफार दगा देत असली तरी ती टोपी हवा धरून ठेवते.

—

टर्बो ठाणेकर

एवढा व्याप कशाला? ट्यूबलेस टायर चढवा, आत पंक्चर बुजवणारं लिक्विड टाका, नायट्रोजन भरा आणि विसरून जा. माझ्या गाडीत तसंच आहे, वर्षभर बघावं लागत नाही.

—

टायर सेक्शन (निवृत्त), वडाळा

ठाणेकर, तुमची गाडी कोणत्या सालची ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण अंदाज येतो. ट्यूबलेससाठी रिमच्या आत बीडच्या, म्हणजे टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडेच्या, अलीकडे एक उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी तो टायरला जागेवरून सरकू देत नाही. साठच्या दशकातल्या रिमांना तो नसतो. वळणावर टायर रिमवरून सुटला तर एका क्षणात चाक बसतं. शिवाय जिथे मधला पत्रा रिव्हेट मारून बसवलेला असतो, तिथे प्रत्येक रिव्हेट गळतं. लिक्विडचं म्हणाल तर ते पिनमध्ये जाऊन बसतं, मग गेज खोटं दाखवतो, आणि पुढे ट्यूब उघडणाऱ्याचे हात आणि तोंड दोन्ही खराब होतात. नायट्रोजनला माझा विरोध नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. भोकातून तोही जातोच.

आता ताई, तुमचं बघू. बेस्टमध्ये वडाळा डेपोच्या टायर सेक्शनला माझी नोकरी झाली. बसचं चाक मोठं, तुमचं लहान, पण ट्यूब दोन्हीकडे एकाच कारणांनी मरते.

ट्यूबच्या टायरमध्ये बुडबुडा जिथून येतो तिथे भोक असेलच असं नाही. हे आधी डोक्यात बसवा, बाकी सगळं यातून निघतं. ट्यूबलेसमध्ये फेस दिसला तिथेच खिळा असतो, आणि आजची पोरं त्यावरच शिकलेली आहेत. त्यांना दोष नाही. रस्त्यावर ट्यूबच्या गाड्या राहिल्यात किती? शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली, तीही ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. हात बसायला काम लागतं. ट्यूबमधून निघालेली हवा ट्यूब आणि टायर यांच्या मधून फिरते आणि जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडते. व्हॉल्व्हचं भोक, रिव्हेटची कड, बीडचा काठ, काहीही. भोक टायरच्या खालच्या अंगाला आणि फेस वर व्हॉल्व्हपाशी, हे रोजचं. तेव्हा व्हॉल्व्हच्या मुळाशी फेस आला म्हणून लगेच व्हॉल्व्हला फाशी देऊ नका.

टाकीत चाक बुडवून काही दिसलं नाही, त्याचंही हेच कारण. पंक्चरवाल्याची टाकी उथळ. चाकाचा खालचा भाग पाण्यात आणि वरचा बाहेर. आतली हवा मोकळी, ती पाणी ढकलत खालून कशाला येईल? वरच्या कोरड्या बाजूने निघून जाते. पोरगा पाण्यात डोळे घालून बसतो आणि हवा त्याच्या कानाशी सुटत असते.

नवी ट्यूब टाकली, काही दिवस टिकली आणि मग तीही उतरायला लागली, असं तुम्ही लिहिलंत. अर्धं उत्तर तिथेच आहे. ट्यूब निर्दोष. चाकात बसून तिला कोणीतरी चावतंय आणि दुसरी ट्यूब त्याच्याच तोंडी दिली गेली आहे. तो चावणारा शोधायचा.

चाक उघडण्याआधी खडू घ्या. व्हॉल्व्हच्या समोर टायरवर एक बाण काढा आणि टायरची बाहेरची बाजू कोणती तेही लिहा. ही एवढी खूण केली नाही तर पुढची सगळी मेहनत वाया, कारण ट्यूबवरचं भोक रिमच्या किंवा टायरच्या नेमक्या कोणत्या जागेवर येत होतं ते कळायला दुसरा मार्ग नाही. ट्यूब काढल्यावर तिच्याही बाहेरच्या अंगाला खडूने फुली मारा, उलटी धरली तर डावं-उजवं फिरतं.

मागचं चाक उचलताय, तर जपून. हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो, एक चाक अधांतरी झालं की त्याच्यावर भरवसा नको. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून विटा लावा. नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा.

पिन काढून सगळी हवा जाऊ द्या. बीडवर साबणाचं पाणी सोडा, वर उभं राहून टाचेने दाबा, हातोडा नको. रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो. व्हॉल्व्हच्या समोरच्या अंगाचा बीड त्या खोलगट भागात ढकलला की व्हॉल्व्हच्या बाजूला सैलपणा येतो, आणि तिथून दोन टॉमींनी, म्हणजे टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्यांनी, टायर सहज वर येतो. ताकद लागतेय असं वाटलं तर समजा की पलीकडचा बीड खाली गेलेला नाही. टॉमीचं टोक धारदार असेल तर आधी कानस मारून गोल करा. ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिमटे दिसले तर ते टॉमीचे असतात, टायरचा त्यात काही संबंध नसतो.

ट्यूबवर भोक कुठल्या अंगाला आहे त्यावरून चोर कळतो. रस्त्याकडच्या अंगाला असेल तर टायरमध्ये काहीतरी रुतलंय, बारीक तार बहुतेक. टायरच्या आतून बोट फिरवू नका. कापसाचा बोळा फिरवा, तार असेल तिथे कापूस अडकतो आणि बोट शाबूत राहतं. बाजूच्या अंगाला घासल्याचा पट्टा असेल तर टायरच्या आत स्टिकर चिकटलेलं राहिलंय का ते बघा, किंवा नायलॉनचा धागा सुटलेला असतो. ट्यूबवर आडवी घडी पडलेली असेल तर माप मोठं. हल्ली एकाच ट्यूबवर तीन-चार मापं छापलेली असतात, दुकानदार "चालते" म्हणून देतो, आणि ती आत चुणी घेते. चुणी रोज थोडी थोडी झिजते.

रिमकडच्या अंगाला भोक असेल तर गंज. मुंबईत माझा पहिला संशय तोच. ट्यूबच्या चाकात व्हॉल्व्हचं भोक काही हवाबंद नसतं. पावसाळ्यात पाणी तिथून आत जातं, बीडच्या कडेनेही जातं, रिमच्या खोलगट भागात साचतं आणि गाडी उभी असली की महिनोन् महिने तिथेच राहतं. वरून रंग चकचकीत, आत पोपडे. तुमची गाडी झाडाखाली उभी असते, ओल जायची कधी? बसला रिम आणि ट्यूबच्या मध्ये फ्लॅप असायचा, तो ट्यूबला वाचवायचा. मोटारीला तो नसतो, ट्यूब थेट पत्र्यावर.

उघडा आणि लिहा काय दिसलं ते. आणि जुनी ट्यूब टाकून दिली नसेल तर तीही शोधा.

—

मास्तर दादरकर

टायर सेक्शनवाल्यांचं म्हणणं आकड्यांतही बसतं, म्हणून थोडं गणित. जन्मभर शिकवलंय, राहवत नाही.

या मापाच्या चाकात ढोबळमानाने १५ लिटर जागा धरू. आठवड्यात १० पीएसआय उतरतात. वातावरणाचा दाब १४.७. म्हणजे बाहेर पडलेली हवा साधारण १० लिटर. आठवड्याचे १६८ तास, म्हणून तासाला ६० मिलिलिटर, मिनिटाला १. बुडबुडा ५ मिलिमीटर व्यासाचा धरला तर मिनिटाला पंधराएक, म्हणजे ४ सेकंदांना एक. हे चाक पूर्ण दाबाखाली असताना.

आता ट्यूब बाहेर काढून फुगवली की तिच्यात दाब राहतो जेमतेम १ पीएसआय, कारण तिला धरायला टायर नाही. बारीक भोकातून जाणारी हवा दाब घटला की फार झपाट्याने घटते, अशा वेळी चाळीसेक पटींनी. म्हणजे ४ सेकंदांचा बुडबुडा आता अडीच-तीन मिनिटांनी येणार. पंक्चरवाला ट्यूबचा प्रत्येक भाग पाण्याखाली धरतो किती वेळ? त्याने बघितलं, त्याला दिसलं नाही, आणि तो खोटंही बोलला नाही.

तेव्हा टबात ट्यूब जरा जास्त फुगवा, वीतभर भाग दोन्ही हातांनी ताणा म्हणजे भोक उघडेल, आणि प्रत्येक तुकड्याला वेळ द्या. सुरुवातीला रबराला चिकटलेले बुडबुडे हाताने पुसून काढा, नाहीतर सगळीकडेच पंक्चर दिसेल.

अजून एक. मोजमाप नेहमी सकाळी, गाडी हलवण्याआधी. जानेवारीत पहाटे १८ अंश आणि दुपारी ३२ अंश असलं तर २६ चे जवळपास २८ दिसतात. हवा भरलेली नसते, तापलेली असते. दुपारी भरून सकाळी मोजणारे कित्येक लोक नसलेलं पंक्चर शोधत बसतात. तुमच्याकडे बाकीची तीन चाकं स्थिर आहेत, त्यामुळे तुमचं गळणं खरं आहे.

—

मायनर माणूस, चिंचपोकळी

मास्तर, तुमच्या वर्गात असतो तर पास झालो असतो.

ताई, ट्यूब घ्यावी लागलीच तर तिच्यावर ब्युटाइल लिहिलेलं बघून घ्या. साध्या नैसर्गिक रबराची ट्यूब भोक नसतानाही अंगातून हवा सोडते, ब्युटाइलच्या कितीतरी पटींनी जास्त. ऑपेरा हाउसला मिळते, किंवा कुर्ल्याला सीएसटी रोडवर. पण तिथे माप घेऊन जा आणि "चालते" ऐकलं की पुढच्या दुकानात जा.

—

डिलाइटवाली, विलेपार्ले पूर्व

चाक उघडलं. बाबा गॅलरीतून सूचना देत होते आणि वॉचमन टॉमीवर उभा होता, पण उघडलं.

आधी टोपणाचा प्रयोग केला. पाणी शांत, पिन सुटली. मग खडूचा बाण, विटा, साबण. बीड सुटायला वेळ लागला. वॉचमनचा जोर चालेना तेव्हा मी पुन्हा वाचलं, "पलीकडचा बीड खाली गेलेला नाही", आणि खरंच गेलेला नव्हता. तो ढकलल्यावर टायर अगदी मुकाट्याने वर आला.

ट्यूब टबात टाकली. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे चिकटलेले बुडबुडे पुसले आणि व्हॉल्व्हपासून सुरुवात करून एकेक वीत ताणत गेले. व्हॉल्व्हचं बूड चारी बाजूंना वाकवून बघितलं, स्वच्छ. त्याच्या डावीकडे वीतभर अंतरावर, रिमकडच्या अंगाला, ताणल्यावर एक मोहरीएवढा बुडबुडा आला आणि तिथेच चिकटून बसला. पुसला. थांबले. पुन्हा आला. त्याच्या शेजारी बोटभर अंतरात आणखी दोन ठिकाणी. नुसत्या डोळ्यांना तिथे भोक दिसत नाही. रबर जरा खरखरीत लागतं आणि तांबूस डाग आहे. ताण सोडला की बुडबुडे बंद. पंक्चरवाल्याबद्दल मनात जे काही होतं ते तिथेच मागे घेतलं.

मग रिमवर तीच जागा बघितली. पांढरा रंग जसाच्या तसा, फक्त वेल्डिंगच्या सांध्याला लागून थोडा फुगलेला. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचलं तर नखाएवढा पोपडा उचलला गेला. खाली काळा-तांबडा भुगा, आणि पोपड्याची कड अशी की बोटाला लागली. सांध्यावर वेल्डिंगचा एक बारीक दाणाही आहे, तो मूळचाच असावा.

आता गंमत. जुनी ट्यूब बाबांनी टाकलेली नव्हती. माळ्यावर, इस्त्रीच्या जुन्या वायरींबरोबर. ती खाली काढली, फुगवली, व्हॉल्व्हपासून डावीकडे वीतभर मोजलं. तोच तांबूस डाग, आणि ताणल्यावर तिथेच बुडबुडे. दोन ट्यूब, एकच जागा. "म्हणून मी काही टाकत नाही" हे वाक्य आता आम्हाला पुढची दहा वर्षं ऐकावं लागणार.

प्रश्न: रिम वाचते का? की बाबा म्हणाले तशी बदलायचीच? आणि हीच ट्यूब पॅच मारून वापरू की नवी घेऊ?

—

टायर सेक्शन (निवृत्त), वडाळा

जुन्या ट्यूबवर तीच जागा सापडली, याहून पक्का पुरावा नाही. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. डेपोत आम्ही निकामी ट्यूब सुद्धा नंबर टाकून ठेवायचो, याच कारणासाठी.

रिम वाचते की नाही ते गंज किती खोल गेलाय त्यावर. सगळे पोपडे काढा, तारेच्या ब्रशने पत्रा उघडा करा. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर देऊन टोचा आणि हलक्या हातोड्याने ठोकून आवाज ऐका. पत्रा टणटणीत वाजला आणि टोक रुतलं नाही तर वरवरचा गंज आहे, रिम खुशाल वापरा. टोक रुतलं, आवाज बद्द आला, किंवा बीड बसतो ती कडच खाल्लेली असेल तर रिम बाद. त्यावर वेल्डिंग करून पुन्हा चाकाला लावू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. नटांची भोकंही बघा, लंबगोल झालेली किंवा त्यांच्याभोवती बारीक चीर असेल तरीही बाद. या दोन गोष्टी बघायला पैसे पडत नाहीत आणि बहुतेक जण बघत नाहीत.

वेल्डिंगचा दाणा कानसने सपाट करा. सांधा खोल घासू नका, फक्त बोट फिरवलं तर अडकायला नको एवढंच. व्हॉल्व्हच्या भोकाची कडही त्याच कानसने मोडून घ्या, तिथली धार व्हॉल्व्हचं बूड कापते. मग पॉलिश पेपर, कोरड्या कापडाने पुसणं, रेड ऑक्साइडचा हात, तो पूर्ण वाळल्यावर रंगाचा हात. घाई कराल तर ओला रंग ट्यूबला चिकटेल आणि पुढच्या वेळी ट्यूब फाडूनच काढावी लागेल. पावसाळी हवेत वाळायला दुप्पट वेळ धरा.

आता जुनी ट्यूब कामाला येईल. तिचा रिमकडचा भाग पट्टीसारखा गोल कापा, रुंदी रिमच्या खोलगट भागाएवढी. व्हॉल्व्हसाठी भोक पाडा आणि ती पट्टी रिमवर ताणून बसवा. सुरकुती नको, दुमड नको, सुरकुतीच ट्यूबला खाते. झाला तुमचा फ्लॅप.

ट्यूबला तीन भोकं, बोटभर जागेत, रबर घासलेलं. एकाच मोठ्या पॅचखाली तिन्ही येतील, आणि गरम पंक्चर करणारा सापडला तर ते टिकेल. पण ही ट्यूब स्टेपनीला ठेवा आणि चाकाला नवी घ्या. माप नीट बघून.

बसवताना टायरच्या आत शंखजिऱ्याची पावडर, हाताला लागेल एवढीच. मूठभर टाकली तर ती ओल धरून गोळे होते. ट्यूबमध्ये आकार येईल एवढी हवा घालून मग आत ठेवा, रिकामी ट्यूब टॉमीखाली सापडते. खडूचा बाण जुळवा. टायर बसला की हवा भरा, मग पिन काढून सगळी हवा सोडा आणि पुन्हा भरा. यामुळे आत पडलेली चुणी सुटते. ही पायरी रस्त्यावर कोणी करत नाही, कारण वेळ जातो. व्हॉल्व्ह भोकातून सरळ बाहेर आलेला दिसला पाहिजे. तिरका दिसला तर ट्यूब आत फिरली आहे, पुन्हा उघडा.

पहिल्या फेरीनंतर चाकाला हात लावून बघा. बाकीच्या तिघांपेक्षा गरम लागलं तर हवा कमी आहे किंवा आत काहीतरी घासतंय. नट पुन्हा एकदा आवळा.

आणि एक सांगायचं राहिलं. चारही रिमा एकाच वयाच्या, एकाच झाडाखाली उभ्या. एकीत पोपडे निघाले तर बाकीच्यांत नाहीत कशावरून? सगळ्या आजच उघडा म्हणत नाही. पण पुढचा टायर निघेल तेव्हा रिम बघितल्याशिवाय परत चढवू देऊ नका. स्टेपनीची हवा शेवटची कधी मोजली होती?

—

टर्बो ठाणेकर

मान्य. लिक्विडचं मागे घेतो. पण माझ्या मामांकडे अँबॅसेडर उभी आहे, पुढचं एक चाक दर महिन्याला बसतं. मी त्यांना ट्यूब बदला म्हणणार होतो. आता आधी खडू घेऊन जातो.

—

डिलाइटवाली, विलेपार्ले पूर्व

पत्रा टणटणीत वाजला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, काय ठोकताय. नटांची भोकं गोल आहेत. दाणा घासला, रेड ऑक्साइड लावून रिम गॅलरीत वाळत ठेवली आहे. बाबा दर तासाला बोट लावून बघतात आणि दर तासाला तिथे ठसा उमटतो, त्यामुळे वाळायला तिप्पट वेळ धरला आहे.

स्टेपनी मोजली. ९ पॉइंट. रिमवर सांध्यापाशी तसाच फुगवटा. पॉलिश पेपर अजून आणायला हवा. शंखजिरे किराणा दुकानात मिळेल की रंगवाल्याकडे?

—

टायर सेक्शन (निवृत्त), वडाळा

सायकलच्या दुकानात विचारा. नाही मिळालं तर बाळाची टाल्कम पावडर चालेल, फक्त चाकाला वास येईल.